सज्ज्यावरच्या मेंढ्या

ही गोष्ट मी आजवर कुणाकडे काढलेली नाही. आईकडे नाही, नवऱ्याकडे नाही, आणि माझ्या पोटातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं जिला वाटतं त्या मैत्रिणीकडेही नाही. मग तुमच्याकडे का काढते आहे? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा ओळखत असाल तर चित्रांवरूनच ओळखत असाल, आणि मग तर तुम्हाला सांगायलाच हवं.

माझी चित्रं तुमच्या घरात असतील कदाचित. लहान मुलांच्या पुस्तकांत — शेळ्या, कोंबड्या, मोठ्या नाकाचे आजोबा, झाडाखाली झोपलेली कुत्री. त्या पुस्तकांच्या मागच्या पानावर माझी ओळख छापलेली असते: आर्किटेक्टचा चांगला चाललेला व्यवसाय सोडून पूर्णवेळ चित्रकलेकडे वळल्या. हे वाक्य मीच लिहून दिलेलं. कार्यक्रमाला गेलं की कुणीतरी हमखास विचारतं, एवढं धाडस कसं केलंत हो? मी हसते, घोटभर पाणी पिते आणि सांगते — एकदा इंदापूरला एका घराच्या भिंतीवर मेंढ्या रंगवल्या आणि कळलं की आपला हात याच्यासाठी आहे. टाळ्या पडतात. एखादी मुलगी नंतर जवळ येऊन म्हणते, ताई, मलाही इंजिनिअरिंग सोडायचंय. मी तिच्या पाठीवरून हात फिरवते.

मेंढ्या मी रंगवल्या, ते खरं आहे. बाकीचं सांगते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, औषधांच्या दुकानावर माझं ऑफिस होतं. एक खोली, ड्रॉइंग बोर्ड, आलेल्यांसाठी दोन खुर्च्या. पुण्याला शिकले होते. वडील म्हणत होते तिथंच नोकरी बघ, मी म्हणाले नाही, पाटी लावीन तर आपल्या गावात. गावात तेव्हा पैसा खेळायला लागला होता आणि जो तो स्लॅबचं घर बांधत होता. पण बाई आर्किटेक्ट म्हणजे लोकांना नवल. साइटवर गेले की मिस्त्री माझ्या मागे बघायचे — साहेब कुठं राहिले? मला संताप यायचा. मी तशी तापटच आहे, आणि तेव्हा तर नाकावर राग घेऊनच हिंडायचे. हे मी तुम्ही मला समजून घ्यावं म्हणून सांगत नाही. तसं होतं, म्हणून सांगते.

एका गोष्टीत मात्र माझा हात धरणारं कुणी नव्हतं. चित्रात. घराचा नकाशा सामान्य माणसाला कुठं कळतो? रेघा आणि आकडे. मी त्याबरोबर घर बांधून झाल्यावर कसं दिसेल त्याचं रंगीत चित्र काढून द्यायचे, पोस्टर कलरमध्ये — दारात तुळस, अंगणात स्कूटर, कोपऱ्यात गुलमोहर, वर धुतलेलं आभाळ. ते बघितलं की माणूस विरघळायचा. आमच्या भागात तर पुढं पुढं रीतच पडली. नकाशे गुंडाळी करून कपाटावर टाकायचे आणि रंगीत चित्र काच लावून देव्हाऱ्याशेजारी टांगायचं. भूमिपूजनाला कुदळीबरोबर त्या चित्रालाही हळदकुंकू लागायचं. काम चालू असताना घरातली माणसं फ्रेम काढून आणायची आणि समोर धरून भिंत ताडून बघायची. खिडकीवर मी सहज एक वेल सोडलेली असली तर वेल कधी लावायची, असं विचारायची. म्हणजे घर बांधायचं ते चित्राबरहुकूम, अशी त्यांची समजूत. मी ती कधी मोडली नाही. मोडायला हवी होती, पण मला ती फार आवडायची.

आमचे एक आर.सी.सी.वाले सर होते. खांब किती, स्लॅब किती जाड, कुठं किती सळई, हा हिशेब करून देणारे इंजिनिअर. वयस्कर, फटकळ. एकदा त्यांनी माझं असंच एक चित्र चार कंत्राटदारांसमोर हातात धरलं आणि म्हणाले, "बाई, घरांचं राहू द्या. तुम्ही चित्रंच काढा." सगळे हसले. मीही हसले. घरी आले आणि जेवले नाही.

आता येते त्या घराकडे. येतेच आहे — थोडा वेळ लागतो मला.

बारामतीहून इंदापूरला जाताना, गाव लागायच्या जरा अलीकडे नामदेवची जागा होती. धनगराचं घर. बाप, आजा, पणजा मेंढरं घेऊन कोकणात उतरणारे. नामदेवनं मात्र कळप विकून ट्रक घेतला आणि हायवेवर धंद्याला लागला. ट्रकाचे दोन झाले, मग घर काढलं. माणूस उमदा, बोलायला मोकळा. मला पहिल्या दिवसापासून 'म्याडम' म्हणायचा आणि माझ्या मागे कोण येतंय ते बघायचा नाही. त्याची बायको शालन, आणि वडील — त्यांना सगळे आबा म्हणत. मीही म्हणायला लागले.

आबांनी मूठभर मेंढ्या स्वतःसाठी ठेवल्या होत्या. दावणीला नव्हे, जागेच्या कडेला काट्याच्या वाड्यात. ते घरात झोपत नसत. थंडी असो, वारा असो, बाहेर घोंगडी. नवं घर होणार म्हटल्यावर नामदेवची सगळी चिंता हीच, की म्हातारा स्लॅबखाली येईल का. मी आबांशेजारी जाऊन बसले आणि विचारलं. ते म्हणाले, "आमी जल्म उघड्यावर काढला, पोरी. छताखाली गेलो का छातीवर कुनी बसल्यागत हुतं."

तेव्हा मला ती कल्पना सुचली. आजही म्हणेन, कल्पना चांगली होती. पुढं चांगला ऐसपैस ओटा, आणि त्याच्यावर माडीचा सज्जा — तिकडे ग्यालरी म्हणतात — इतका बाहेर काढलेला की ओट्यावर खाट टाकली तरी पाऊस लागू नये. म्हणजे आबा बाहेरही झोपतील आणि कोरडेही राहतील. आबांना पटलं. फक्त एक म्हणाले: मध्ये खांब नको. पडल्यापडल्या मेंढरं दिसली पाहिजेत. मी तिथंच, मांडीवर कागद घेऊन, त्यांना पेन्सिलनं काढून दाखवलं. सज्जा हवेत, खाली काही नाही. आबा बराच वेळ बघत राहिले. पुढच्या आठवड्यात रंगीत चित्र काढून दिलं, त्यात ओट्यावर खाट, खाटेवर आबा, समोर मेंढ्या. काच लागली, देव्हाऱ्याशेजारी गेलं.

सरांकडून हिशेब आला, त्यात सज्ज्याला दोन खांब होते. नेहमीच्या दुप्पट बाहेर आलेला सज्जा, आधाराशिवाय कोण ठेवील? त्यांनी खांब धरले आणि लोखंडही त्या बेतानं दिलं. मी नकाशे नामदेवला दिले. खांबांचं बोलले नाही. बघू, होईल, वेळ आली की सांगू — असं काहीसं डोक्यात होतं. मिस्त्रीनं खांबांचे खड्डे घेतले तेव्हा वेळ आली. आबा घोंगडी सोडून उठून आले. नामदेव घरात गेला आणि फ्रेम घेऊन बाहेर आला, माझ्यासमोर धरली आणि हसत म्हणाला, "म्याडम, ह्यात कुटं हायती खांब?"

चेष्टेतच म्हणाला तो. पण बिगारी थांबून बघत होते. मिस्त्री मिशीत हसत होता. त्या क्षणी मला काय दिसलं माहीत आहे? सर. चित्र हातात धरून उभे असलेले. मी म्हणाले, बरोबर आहे, खांब नाहीतच. सरांना विचारते आणि लोखंड बदलून आणते.

आता नीट ऐका, हे अवघड नाही. सज्ज्याला पुढं खांब असले तर लोखंडाचा भर खालच्या अंगाला लागतो. खांब काढले की तोच भर वरच्या अंगाला, भिंतीपाशी लागतो. उलटं होतं सगळं. हे मला येत होतं. शिकवलं होतं आम्हाला. फक्त सळई किती, कशी, आत किती न्यायची, हा हिशेब सरांचा होता, आणि त्यासाठी सरांच्या ऑफिसात जाऊन म्हणायला हवं होतं — सर, मी चित्रात खांब दाखवलेच नव्हते. मी गेले. जिन्याखाली उभी राहिले. वर कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. — मी परत आले.

इंदापूरला गेले तेव्हा मिस्त्रीनं विचारलं. दत्तू मिस्त्री, तिथलाच, इंदापूरचा. बोलघेवडा, स्वतःच्या कामावर फार खूश असलेला माणूस. मी म्हणाले, "विचारलंय. चालेल. आहे तसंच लोखंड ठेव, खांब काढून टाक." त्याला काय? इंजिनिअरनं सांगितलं, म्याडमनं सांगितलं. त्यानं आपल्या मनानं चार सळया जास्त टाकल्या, त्याही खालीच, आणि म्हणाला, हत्ती नाचवा म्याडम ह्याच्यावर. स्लॅबच्या दिवशी मी तिथं होते. सळई बांधलेली माझ्या डोळ्यांसमोर होती. मिक्सर घरघरत होता, बायका घमेली घेऊन रांगेत उभ्या होत्या, शालन सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी करत होती. एका हाकेनं थांबलं असतं. मी हाक मारली नाही. स्लॅब पक्का होईपर्यंत खालून देतात ते टेकू मात्र दत्तूनं भरपूर दिवस ठेवले होते, पाहिजेत त्याहून जास्त; हे लक्षात ठेवा, कारण पुढं मी वेगळंच सांगितलं.

वास्तुशांत झाली. आबा ओट्यावर झोपायला लागले. पडल्यापडल्या त्यांना मेंढ्या दिसायच्या. मला साडी-चोळी मिळाली, आणि त्या एका घरावरून मला इंदापूर तालुक्यात आणखी कामं आली. सगळे म्हणायचे, आम्हाला पण तसली बिनखांबाची ग्यालरी पाहिजे. मी काहीतरी कारण काढून टाळायचे.

पुढच्या वर्षी, चैत्रात, नामदेवचा फोन आला. वर भेग पडली आहे, प्लास्टरची असेल, पण एकदा येऊन बघा. बहिणीचं लग्न काढलं होतं, घर रंगवायचं होतं.

गेले. माडीच्या दारातून सज्ज्यावर बघितलं. जिथं भिंत आणि सज्ज्याची जमीन मिळते तिथं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ फट. जणू कुणी पट्टी लावून आखली होती. मी वाकून बोट लावलं. नख आत गेलं. माझी पाचावर धारण बसली. पण खात्री नव्हती — असं मी स्वतःला सांगितलं. नव्या घराला भेगा पडतातच, नाही का? नामदेव माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणाले, प्लास्टरचीच आहे.

खाली दोन लोखंडी पाइप टेकू म्हणून लावले असते तरी पुरलं असतं. नामदेवच्या ट्रकांच्या सामानात तसले पाइप पडूनच होते. आबांच्या आणि मेंढ्यांच्या मधे आले असते, ते कुरकुरले असते, चार दिवसांनी सवय झाली असती. एवढंच.

त्याऐवजी मी म्हणाले, भेग व्हाइट सिमेंटनं भरा, आणि वरून मी तुम्हाला चित्र काढून देते. लग्नाची भेट. नामदेवला एवढा आनंद झाला की तो खाली जाऊन आबांना ओरडून सांगून आला. मग मी एक दुपार बसून त्या भिंतीच्या तळाशी मेंढ्यांची रांग काढली. पुढं घोडं, घोड्यावर बिऱ्हाड, मागं मेंढ्या, कोकणात निघालेल्या. त्यांचे पाय नेमके सांध्यावर, आणि खाली सज्ज्याच्या जमिनीवर हिरव्या गवताचा पट्टा. भेग पाय आणि गवताच्या मधे गेली. कुणाला दिसणार? मीच शोधली असती तरी सापडली नसती. आबांना दोघांनी धरून जिन्यानं वर आणलं. ते म्हणाले, ही पुढची मेंढी म्हंजी आमची काळी, आणि त्यांना रडू आलं.

ते माझं पहिलं चित्र. तुम्ही ज्याच्याबद्दल टाळ्या वाजवल्यात ते.

वैशाखात लग्न झालं. मांडव अंगणात, आणि वरात आली तशा सगळ्या बायका बघायला सज्ज्यावर. एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून, कडेला रेलून, हसत. मी मांडवात उभी होते. खाली ओट्यावर आबा नवा पटका बांधून बसलेले. माझी मान वर गेली ती खाली येईना. मनात म्हणत होते, आता ओरड. आता. — ओरडून काय सांगणार होते? आणि तेवढ्यात शेजारून कुणीतरी म्हणालं, आत्ताच वर बघून आलो, ते मेंढ्यांचं चित्र तुम्ही काढलंय का? नवरदेवाकडचे पाहुणे होते, पुण्याचे, मुलांची पुस्तकं छापणारे. मी एकटक वर बघत होते ते त्यांना माझं माझ्या चित्रावरचं प्रेम वाटलं. पुढं त्यांनी ते अनेकदा, अनेकांना सांगितलं. त्या मांडवातच त्यांनी मला पहिल्या पुस्तकाचं काम दिलं. सज्ज्यावर बायका होत्या, मी हो म्हणत होते, आणि माझे डोळे वरच होते.

त्या दिवशी काही झालं नाही. रात्री घरी आले आणि मला वाटलं, बघ, एवढ्या बायका पेलल्या. उगीच घाबरलीस.

पावसाळ्यात एकदा गेले तेव्हा भेग परत आली होती. गवत तसंच होतं, मेंढ्या तशाच होत्या, पण त्यांचे पाय गवतापासून सुटले होते. मेंढ्या जमिनीवरून उचलल्यासारख्या दिसत होत्या. शालन म्हणाली, रंग पिचला वाटतं. मी म्हणाले, पुढच्या वेळी येताना रंग घेऊन येते. त्यानंतर मी तिकडे फिरकले नाही. बारामतीत बसून पुस्तकाची चित्रं काढत राहिले आणि ऑफिसातला फोन वाजला की माझ्या हातातून ब्रश पडायचा.

दसऱ्यानंतर फोन वाजला.

अंगणात चिखल होता म्हणून बाजरी वाळवायला सज्ज्यावर पसरली होती, आणि उरलेली पोती तिथंच कडेला रचली होती. घर बांधताना हे मी धरलंच नव्हतं. तिकडे स्लॅब म्हणजे खळंच असतं, हे मला माहीत असायला हवं होतं. शालन सूप आणायला आत गेली. दुपारची वेळ. आबा खाली खाटेवर.

गेले नाहीत ते. खाटेची चौकट मोडून ते खाली दबले, म्हणून वाचले असं डॉक्टर म्हणाले. कमरेपासून खाली मात्र काही राहिलं नाही. बारामतीच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा व्हरांड्यात नामदेव होता, त्याच्या अंगावर सिमेंटची पूड तशीच. आणि दत्तू मिस्त्री होता. तोही धावत आला होता, त्यानंच पहारीनं स्लॅब उचलायला हात लावला होता. नामदेवनं मला विचारलं. ओरडला नाही. हळूच विचारलं, "म्याडम, खांब काढायचं तुमी इंजिनेरला इचारलं हुतं न्हवं?"

हेच ते. एवढा वेळ मी ज्याच्याभोवती फिरते आहे ते हेच.

मी म्हणाले, हो. विचारूनच काढले. मिस्त्रीनं टेकू लवकर काढले असतील.

दत्तूनं माझ्याकडे बघितलं. त्याला आधी वाटलं असावं की मी चुकून बोलले. तो म्हणाला, "न्हाय म्याडम. तुमी म्हनला तवाच काडलं हुतं. आटवतंय न्हवं तुमास्नी?" मी नामदेवकडे बघत राहिले. मी शिकलेली होते, मी कधी आवाज चढवून बोलत नव्हते त्यांच्याशी, मी त्यांच्या मेंढ्या काढल्या होत्या. नामदेवनं दत्तूची गचांडी धरली. लोकांनी सोडवलं. मी सोडवलं नाही.

पोलिसात कुणी गेलं नाही. आपलंच घर, आपलंच नशीब, असं झालं. सरांच्या कानावर फक्त एवढं गेलं की इंदापूरकडे कुठलीशी ग्यालरी पडली, टेकू लवकर काढले म्हणून. अशा बातम्या तेव्हा येतच असत. दत्तू एकदा माझ्या ऑफिसात आला. त्या बोलघेवड्या माणसाला बोलायला जमेना. इंदापुरात त्याला कुणी कामाला लावत नव्हतं. तो एवढंच म्हणाला की नामदेवला खरं काय ते तुम्ही सांगा. मी म्हणाले, बघते, बोलते. त्याला चहा पाजला. पुढं कळलं की तो सोलापूरकडे दुसऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली बिगारी म्हणून लागला. नंतर काही कळलं नाही. मी विचारलंही नाही.

पाटी मी त्याच हिवाळ्यात उतरवली. धाडस म्हणता तुम्ही त्याला? कुणाच्याही स्लॅबच्या नकाशावर सही करायला हात उचलेना, म्हणून पळाले. पुण्याला गेले. पुस्तकं मिळत गेली. मेंढ्या तर मी इतक्या काढल्या की लोक म्हणायला लागले, तुमच्या मेंढ्या लांबून ओळखू येतात.

पहिलं पुस्तक छापून आल्यावर आबांना दाखवायला गेले होते. का गेले, नका विचारू. ते आतल्या खोलीत होते, छताखाली, भिंतीकडे तोंड करून. बाहेरच्या मेंढ्या विकल्या होत्या; बघायला कुणी नव्हतं. आबांनी पुस्तक हातात घेतलं, एक एक पान उलटलं, आणि म्हणाले, "तुजा हात लई गुनाचा हाय, पोरी. त्या दत्त्याच्या हाताला मात्र किडं पडत्याल." मी मान हलवली. हो म्हणून हलवली. पुढं दोन-तीन वर्षांनी त्याच खोलीत ते गेले, आणि नामदेव सांगतो, शेवटपर्यंत दत्तूला शिव्या देत होते.

अजून एक राहिलं. इथवर येईपर्यंत मला वाटत होतं, ते न सांगताही भागेल.

भेग पाहिली तेव्हा खात्री नव्हती, असं मी मघाशी म्हणाले. इतकी वर्षं मी स्वतःलाही हेच सांगत आले आहे. खात्री नसली की माणूस कसा वागतो? मी कशी वागले ते सांगते. मेंढ्या रंगवायला बसले त्या दुपारी रंगाचे डबे मी सज्ज्यावर आणलेच नाहीत. आत खोलीत ठेवले आणि दर वेळी ब्रश बुडवायला आत गेले. दाराच्या दोन्ही अंगांना खिडक्या होत्या. मी भिंतीला चिकटून बसायचे, उजव्या हातानं रंगवायचे, आणि डाव्या हातानं खिडकीचा गज धरून ठेवायचे. पूर्ण वेळ. संध्याकाळी तो हात मला वर उचलता येत नव्हता.

मधेच शालन चहा घेऊन आली. ती दारातून सज्ज्यावर पाय टाकणार, तेवढ्यात मी म्हणाले, तिथंच थांब, रंग ओला आहे. दारापाशी रंग लागलेलाच नव्हता. ती थांबली. मी आत जाऊन तिच्याजवळ उभी राहून चहा प्याले. खाली आबा झोपले होते, त्यांचं घोरणं वर ऐकू येत होतं. त्यांना तिथून उठवायला ओल्या रंगाचं कारण चाललं नसतं. मी कप शालनकडे दिला, परत गेले, डाव्या हातानं गज धरला आणि पुढची मेंढी काढायला घेतली.